उंबरवाडीची गळती

१

सोमवारी सकाळी शाळेचं कुलूप काढलं, दार ढकललं आणि आत ऊन! तेही खिडकीतून आलेलं नव्हे. वर पाहिलं तर उत्तरेकडच्या कोपऱ्यावरची कौलं गायब. दोन बाजा मावतील एवढं भगदाड, आणि त्यातून भाद्रपदातलं आभाळ खाली बघत होतं. पश्चिमेला ढग काळे झाले होते.

"अगं बाई गं!" म्हणून मी दारातच बसले.

मी मंजुळाबाई. नरडाणा स्टेशनापासून दोन कोसांवर उंबरवाडी आहे, तिथल्या एकशिक्षकी शाळेची बाई. साल पंचावन्न. चार इयत्ता, एक खोली, एक फळा, एक नकाशा आणि एक मी. स्वभावानं मी भित्री. आणि भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष. धुळ्याला ट्रेनिंगला होते तेव्हापासून सगळे सांगत आले, पण स्वभावाला औषध नाही.

भीती वाटायला कारण होतं. मागच्या सोमवारी कचेरीचं पत्र आलं होतं: "एकशिक्षकी शाळांतील गळतीचे प्रमाण समक्ष पाहण्यासाठी येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी येत आहोत. गळती अधिक आढळल्यास शाळा बंद करून शिक्षकाची जागा अन्यत्र देण्यात येईल." मंगळवारी संध्याकाळी वाडीतल्या आईबापांना शाळेत बोलावून मी ते पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. पत्रात आकडा नव्हता, पण कचेरीतला आकडा आम्हा मास्तर लोकांना ठाऊक असतो. पाहणीच्या दिवशी हजर पोरं वीसच्या खाली भरली की शाळा गेली. माझ्या पटावर पोरं होती बरोब्बर वीस. एकही जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका पोराचा बाप, वना, दोन नवी कौलं डोक्यावर घेऊन आला आणि फुटकी बदलून गेला. "आते काही काळजी नही, बाई," म्हणाला. मला वाटलं, काय ही माणसं! जीव टाकतात शाळेवर.

आणि आज हे. साहेब यायला तीन दिवस. शाळेला छप्पर नाही असं त्यांनी पाहिलं तर आणखी कारण कशाला हवं?

रविवारी सगळी वाडी बाजाराला गेली होती, मीही गेले होते. म्हणजे भरदिवसा कोणीतरी निवांत काम केलं होतं. मी आजूबाजूला पाहू लागले, आणि पाहता पाहता चक्रावले. काढलेली कौलं भिंतीमागे होती. गोल रचलेली, एकही फुटलेलं नाही. आत माझी लोखंडी पेटी नेहमी उत्तरेच्या कोपऱ्यात असते, ती ओढून दक्षिणेला नेलेली, वर गोणपाट घातलेलं. खिळ्यावरचा नकाशा काढून, नीट गुंडाळून, चिंधीनं बांधून गोणपाटाखाली ठेवलेला.

शाळा मोडायला आलेला माणूस नकाशा भिजू नये म्हणून गुंडाळून ठेवतो, हे कुठं ऐकलंय?

२

संशय घ्यायला मला फार लांब जावं लागलं नाही. पोरांना उंबराखाली पाढे घोकायला बसवलं, दुपारी सुट्टी दिली आणि थोरल्या गावचा रस्ता धरला. नाला ओलांडला की थोरलं गाव. तिथं पितांबर आबा. शंभर बिघे कपाशी, दोन विहिरी, आणि गेल्या साली नव्यानं बांधलेली पाच खोल्यांची शाळा.

आबा ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी उभ्याउभ्याच बोलले. नमस्कारसुद्धा नीट केला नाही.

"आबा, आमच्या शाळेची कौलं कोणी काढली?"

"कौलं?" त्यांनी हात थांबवला. "बसा तरी बाई. घामाघूम झाल्यात. अगं, बाईंना पाणी आण!"

"तुम्हाला आमची शाळा बंद व्हायला हवी आहे. खरं की नाही?"

"खरं," आबा म्हणाले. इतक्या सरळ म्हणाले की माझाच आवाज बसला. "लपवाछपवी कशाला? शाळेचा निम्मा खर्च माझ्या घरचा, निम्मा स्कूल बोर्डाचा. बोर्डाचं म्हणणंच असं, गाव जेवढं घालील तेवढं आम्ही घालू. आता खोल्या पाच झाल्या आणि मास्तर चारच. पाचवी जागा कुठून यायची? तुमच्याकडूनच ना!"

"आणि आमच्या वाडीनं घातलं ते? भिंती त्यांनी उभ्या केल्या. कौलं त्यांनी थापली, त्यांनी भाजली."

"त्याची पावती आहे?"

नव्हती. हातानं थापलेल्या कौलांची पावती कोण फाडून देतो? म्हणून बोर्डानं आमच्या वाडीच्या वाट्याला शून्य धरलं होतं, आणि शून्याला जोड शून्याचीच मिळते. ज्याच्या घरात आहे त्याच्याच गावाला सरकार देतं, हे तोपर्यंत मला कळत होतं. पण आबांच्या ओट्यावर ते ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणून तुम्ही माणूस पाठवून छप्पर उतरवलंत!"

आबा हसले नाहीत. "बाई, तुम्ही शिकलेल्या. डोकं लावा. साहेब काय मोजायला येताहेत? तुमच्या पटावर पोरं वीस. वनाचा पोरगा नऊ वर्षांचा आहे. मला गुरांमागं पोरगा हवाच आहे. एक पोरगा ठेवून घेतला की तुमचे एकोणीस. माझं काम बसल्या जागी होतं. मी कशाला कोणाला छपरावर चढवू?"

पाण्याचा तांब्या आला होता, तो मी बाजूला सारला.

"मग ठेवला का नाहीत?" मी कसंबसं विचारलं.

"अजून ठेवला नाही," आबा म्हणाले, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

३

तिथून मी शाळेकडे वळले. थोरल्या गावच्या शाळेचे हेडमास्तर जीवराम गुरुजी. पाचवी जागा आली तर त्यांच्या हाताखाली आणखी एक माणूस येणार, म्हणजे त्यांनाही कारण होतंच.

त्यांच्या शाळेत गेलं की माझं पित्त खवळतं. बाकं. हो, बाकं! प्रत्येक दोन इयत्तांना वेगळा मास्तर. भिंतीवर तीन नकाशे, त्यातला एक तर आख्ख्या जगाचा. आबांच्या वडिलांच्या नावाची पाटी दारावर. आमच्या वाडीची पोरं चौथी झाली की इथं पाचवीसाठी परीक्षा देतात आणि परत येतात. त्यांच्या बापांनी बाकं दिली नाहीत म्हणून त्यांना अपूर्णांक येत नाहीत, असं सरळ कोणी म्हणत नाही. नापास म्हणतात.

जीवराम गुरुजींना मी सगळं सांगितलं. भगदाड सांगितलं, गोणपाट सांगितलं. ते ऐकत होते आणि एकाएकी खो खो हसायला लागले. मला वाटलं, उठून यांच्या टेबलावरची दौत ओतावी यांच्या टोपीवर.

"हसताय काय गुरुजी? माझी शाळा जातेय!"

"रागावू नका बाई, रागावू नका," डोळे पुसत ते म्हणाले. "पण हा माणूस आहे तरी कोण? साहेब गळती पाहणार म्हणून यानं छप्पर उघडं केलं? साहेब काय कौलाखाली घंगाळ घेऊन बसणार आहेत? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!"

ते पुन्हा हसले. मी मात्र हसणं विसरले.

गळती! आम्ही मास्तर लोक रोज हा शब्द वापरतो. पोरं शाळेतून गळतात, म्हणून गळती. पण वाडीतल्या माणसाला गळती म्हणजे काय? पावसात घर गळतं ते. मी पत्र वाचलं आणि एका शब्दाचाही अर्थ सांगितला नाही. म्हणूनच वना दुसऱ्या दिवशी कौलं घेऊन आला होता! शाळा गळू नये म्हणून. "आते काही काळजी नही."

आणि दुसऱ्या कोणीतरी तेच पत्र ऐकलं, तोच अर्थ घेतला आणि उलटं केलं. गळती अधिक आढळल्यास शाळा बंद. म्हणजे शाळा बंद व्हावी म्हणून गळती वाढवली.

आबांना गळतीचा अर्थ ठाऊक होता. जीवराम गुरुजींना ठाऊक होता. ज्यांच्यावर माझा संशय होता ते दोघेही त्या क्षणी सुटले. उरली ती माणसं, ज्यांनी हे पत्र फक्त माझ्या तोंडून ऐकलं होतं.

म्हणजे माझी माणसं. माझ्या वीस पोरांपैकी कोणाची तरी आई, नाहीतर बाप.

४

रात्रभर डोळा लागला नाही. पावसाची सर आली तर, म्हणून कान बाहेर. पाऊस आला नाही, पण झोपही आली नाही.

मंगळवारी सकाळी वनाला बोलावलं. वना सुताराच्या हाताखाली काम केलेला, छपराची त्याला माहिती. आणि खरं सांगायचं तर माझा संशय त्याच्यावरही होता. कौलं आणून बसवणारा माणूसच काढून नेऊ शकत नाही, असं थोडंच आहे? त्याचा पोरगा शाळेत यायला कुरकुर करतो. त्यावरून आमचं दोनदा भांडण झालं होतं.

"वना, आबांचं माणूस तुझ्याकडे आलं होतं?"

"उनं व्हतं," वना म्हणाला. "पोरगा गुराकडे धाडा म्हणे. मी बोलनू, साहेब ईसन जाऊ द्या, मंग देखू."

एवढा तरी धीर दिला देवानं. मी त्याला भिंतीमागे नेलं. गोल रचलेली कौलं दाखवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. चोर असता तर नजर चुकवली असती. वना मात्र उकिडवा बसला, एक कौल उचललं, परत ठेवलं आणि डोकं खाजवलं.

"बाई, हाई गडीमाणसानं काम नही."

"कशावरून?"

"गडीमाणूस कौलं उभी लावस. एकाले एक टेकाडीसन, रांग करीसन. हाऊ ते गवऱ्यास्ना हुडवा शे."

मी पाहिलं. खरंच की! शेणाच्या गोवऱ्या वाळल्या की बायका गोल गोल रचत वर नेतात, तसाच हुडवा. रोज समोर दिसणारी गोष्ट, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते काही उगीच नाही.

बाई. पत्र ऐकलेली बाई.

त्या मंगळवारी शाळेत बायका आल्या होत्या चारच. मागं दाराशी बसल्या होत्या, मला चांगलं आठवत होतं. धुरपदाबाई, पण तिला दोन पायऱ्या चढताना गुडघे धरावे लागतात. भागाबाई, ती शुक्रवारी बाळंत झाली, खोलीबाहेर पडलेली नाही. सुगंधाबाई रविवारी दिवसभर बाजारात माझ्या शेजारी मिरच्या विकत बसली होती, परत येताना आम्ही एकत्र आलो.

चौथी भिकुबाई.

"काय व्हयनं बाई?" वनानं विचारलं. "तोंड काबरं उतरनं?"

काय सांगू त्याला? भिकुबाईची मंदा माझ्या तिसरीत. वीस पोरांत एकच अशी की मी सांगितलेलं तर तिला येतंच, पण मी न सांगितलेलं विचारते. नकाशातली नदी उतारावरून कुठं जाते, आणि समुद्राला मिळाली की तिचं नाव का जातं, असं परवा विचारत होती. मला उत्तर आलं नाही, म्हणून मी तिच्यावर डाफरले.

आणि तिचीच आई शाळेच्या मुळावर उठली? मी वनाला काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "कोणाला सांगू नकोस. शपथ घे."

५

संध्याकाळी भिकुबाईकडे गेले. ती निंदणीवरून येऊन अंगणात शेण कालवत होती. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून ही बाई बोलते कमी. मला पाहून तिनं हात धुतले आणि घोंगडी टाकली. मंदा आत चुलीपाशी पाटीवर काहीतरी लिहीत होती.

मी ठरवून आले होते, शांतपणे विचारायचं. पण भीतीचा राग झालाच.

"भिकुबाई, कौलं तू काढलीस."

तिनं नाही म्हटलं नाही. नुसती खाली बसली.

"मी काढी," ती म्हणाली. "फोडी नही एक बी. मन्या हातनी थापेल शेतस त्या."

"अगं पण का? पोरीला कामाला लावायचंय? निंदणीला न्यायचंय? एवढी हुशार पोर आणि तू तिची शाळा बुडवायला निघालीस! लाज नाही वाटली?"

तेव्हा तिनं वर पाहिलं. रागानं नव्हे. तिला माझी कीव आल्यासारखं वाटलं, आणि तेच मला जास्त लागलं.

"कामले लावानं ऱ्हातं ते शाळाच कसाले धाडी असती? बाई, मी महिनाभर पहिले थोरल्या गावले गयथू. तठली शाळा देखी. एक मास्तर दोनच वर्गाले. बाकं शेतस. नकाशा भिंतभर. मी मास्तरले बोलनू, मनी मंदाले घ्या. तो बोलना, तुम्हनी वाडीले शाळा शे ना? ती शे तोवर आम्ही घेत नही, नियम शे. ती बंद व्हयनी ते घेऊ."

मी घोंगडीचा सुटलेला दोरा ओढत राहिले.

"तीन वर्सं व्हयनी, आमना वाडीनं एक पोर तठे पाचवीले लागनं नही. एक बी नही. तुम्ही चांगल्या शेतस बाई. पण तुम्ही एकल्या शेतस. चार वर्ग. दिवसभर बसीसन मन्या पोरले तुम्हना किती येळ भेटस?"

हिशोब मी कधी केला नव्हता. त्या अंगणात केला. चार इयत्ता, त्यात पहिलीची रडणारी, दुसरीची मारामारी करणारी. मंदाच्या वाट्याला दिवसाची अर्धी घटका यायची. तीही डाफरण्यासकट.

लागलं ते खरं होतं म्हणून लागलं. आणि मी माझं पांडित्य काढलं. कोणापुढे काढावं हेही कळलं नाही मला.

"अगं, छप्पर गळून शाळा बंद होत नसते! गळती म्हणजे कौलं नव्हेत, गळती म्हणजे पोरं कमी होणं! साहेब डोकी मोजणार आहेत, डोकी. वीसाची एकोणीस झाली की शाळा बंद. तुझी कौलं कोण विचारतो!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

आत मंदाची पाटीवरची पेन्सिल थांबली होती.

"म्हंजे," भिकुबाई हळू म्हणाली, "गुरुवारले मंदा नही उनी, ते शाळा बंद?"

६

ज्या बाईला शाळा कशी बंद करायची ते ठाऊक नव्हतं, तिला मी स्वतःच्या तोंडानं सांगून बसले होते. चोर पकडला आणि त्याच्या हातात किल्ली दिली. कपाळ माझं!

माझं डोकं भराभर चालायला लागलं. एकोणीस पोरं. त्यातली सहा बारकी पोरं नाल्याला पाणी आलं की पलीकडे जाऊच शकत नाहीत. पावसाचे तीन महिने ती घरीच बसतील आणि मग कायमचीच बसतील. वनाचा पोरगा त्याच दिवशी गुरांमागं जाईल. मी हे सगळं भिकुबाईला सांगितलं. तिनं ऐकलं. "खरं शे," म्हणाली. "पण मी मन्या पोरनी माय शे. त्या एकोणीसनी तुम्ही."

तेव्हा मी तिचा हात धरला. "भिकुबाई, गुरुवारी मंदाला पाठव. फक्त गुरुवारी. साहेब गेले की शुक्रवारी मी स्वतः तिला घेऊन थोरल्या गावी जाते. दाखला माझ्या हातानं लिहून देते. जीवराम गुरुजी माझं ऐकतील. मंदाचं नाव त्या शाळेत घातल्याशिवाय परत येत नाही. ही माझी शपथ."

तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बुधवारी मात्र शाळेमागं हजर झाली. वना वर चढला, ती खालून कौलं देत होती, मी मध्ये उभी. तिघांपैकी कोणी कोणाला काही विचारलं नाही. दुपारपर्यंत छप्पर जिथल्या तिथं झालं आणि तासाभरात सर आली. एक थेंब आत पडला नाही.

गुरुवारी साहेब बैलगाडीतून आले, बरोबर शिपाई. मी पोरं मोजली. एकोणीस. पुन्हा मोजली, एकोणीसच. वनाचा पोरगा पहिल्या ओळीत नाक पुसत बसला होता. मंदाची जागा रिकामी.

मी प्रार्थना दोनदा म्हणायला लावली. मग पाढे. मग कविता. साहेब घड्याळ काढून बघायला लागले.

"बाई, कॅटलॉग द्या."

हजेरीचं ते बुक मी पेटीत दोनदा शोधून मगच दिलं. साहेब एकेक नाव घ्यायला लागले. "हजर." "हजर." मी दाराकडे बघत होते. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरीतली तीन नावं झाली.

"मंदा आत्माराम."

साहेबांनी मान वर केली. "मंदा आत्माराम? गैरहजर?"

"येतेय, साहेब," मी म्हटलं.

"येतेय म्हणजे? येईल तेव्हा येईल. आता नाही ना?"

त्यांनी टाक शाईत बुडवला. आणि दाराबाहेर चपलांचा आवाज झाला. भिकुबाई तिथंच होती. भिंतीला टेकून, पोरीचा हात घट्ट धरून, केव्हापासून कोणास ठाऊक. तिनं माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग तिनं हात सोडला.

"हजर," मंदा म्हणाली आणि आत येऊन बसली.

साहेबांनी सही केली. शाळा चालू ठेवण्यास हरकत नाही. निघताना वर पाहून म्हणाले, "छप्पर मात्र छान ठेवलंय हो तुम्ही!" शिपाई हसला. मीही हसले, काय करणार? मग मागच्या बाजूला जाऊन भिंतीशी उभी राहून ढसढसा रडले.

७

शुक्रवारी शब्द पाळला. म्हणजे निघाले तरी. मंदाचा दाखला लिहून घेतला होता. ती धुतलेला परकर घालून पुढे, भिकुबाई मागे, मी मध्ये. नाल्याला पाणी घोट्यापर्यंत होतं.

जीवराम गुरुजी हसले नाहीत आज. चांगला माणूस आहे तसा. त्यांनी दाखला वाचला, घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवला.

"बाई, साहेब कालच इथून जाऊन गेले. उंबरवाडीची शाळा चालू आहे असा शेरा त्यांनी तुमच्यासमोर लिहिलाय. ती चालू असताना मी तिथली मुलगी कशी घेऊ? उद्या आबा विचारतील, गावच्या पोरांना बाकं पुरत नाहीत आणि बाहेरची कशाला? वर्गणी त्यांची आहे."

मी भांडले. विनवलं. मंदाला पाढे म्हणायला लावले, एकोणतीसपर्यंत, न अडखळता. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीतून बघायला लागली. गुरुजींनी मान खाली घातली, पण दाखला काही उचलला नाही.

परत निघालो. नाल्यापाशी भिकुबाई थांबली.

"बाई, तो नही म्हनी हाई तुम्हाले माहीत व्हतं ना?"

खोटं बोलता आलं असतं. एक बोलून झालंच होतं, दुसऱ्याला काय लागतं? पण तिचे डोळे माझ्यावर होते आणि शेजारी मंदा उभी होती.

"होतं," मी म्हटलं. "मंगळवारी शपथ घेतली तेव्हाच माहीत होतं."

मला वाटलं, ती आता ओरडेल. मला शिव्या देईल, पोरीला घरी बसवील. ती काही करती तर बरं झालं असतं. तिनं पोरीच्या हातातली पाटी घेतली, परकराला लागलेला चिखल पदरानं पुसला आणि पाटी माझ्या हातात दिली.

"मंग आते तुम्हीज शिकवा," ती म्हणाली. "तठे जे जे शिकवतस ते बठ्ठं अठे शिकवा. शाळा सुटनी का तिले घर नका धाडू. दिवा मी लई ईसू, तेल बी मन्हं. पण पाचवीनी परीक्षाले ती पास व्हवाले पाहिजे. कशी ते माले नका सांगू."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्या परीक्षेत निम्मे मार्क अपूर्णांकांना असतात, आणि अपूर्णांक मला स्वतःलाच कधी धड आले नाहीत. ते तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही.